खारूताईनं पाहिलेलं घर

फार पूर्वी प्राणी नदीपलीकडून माल आणायचे, तेव्हा नाक्यावर खारूताई त्यांच्यासाठी हमी द्यायची. नियम एकच होता, हमी देण्याआधी मालकाचं घर स्वतः पाहून यायचं.

एकदा गोडबोल्या कोल्ह्यावर विसंबून तिनं घर न पाहताच हमी दिली. त्याच्या बोरांच्या पोत्यात विषारी बिया निघाल्या. कोल्हा पसार झाला, आणि त्यानं सांगितलेल्या जागी बीळ कुठलं, नुसता खडक!

नाकेदार कासवराव भडकले. खारीला नाक्यावरून काढायचं, तर पौर्णिमेच्या आत न्यायनिवाडा करणाऱ्या हत्तीदादाकडे तक्रार करायला हवी होती. ते तडक निघाले खरे, पण पोचले पौर्णिमा उलटून तीन दिवसांनी.

"मुदत टळली, तक्रार फेटाळली," हत्तीदादा म्हणाले. खारूताईनं टुणकन उडीच मारली.

"थांब," हत्तीदादांनी तिला दटावलं. "ह्यांना उशीर झाला म्हणून तू सुटलीस. घर तू पाहिलं नव्हतंसच."

खारीची शेपटी खाली आली.

पुढच्या महिन्यात कासवराव स्वतःच कमळकंदांचं गाठोडं घेऊन आले. "दे गं हमी. मला तर ओळखतेस!"

"ओळखते. पण घर दाखवा."

"अगं, पाठीवरच आहे की!"

खारूताई पाठीवर चढली, चहूबाजूंनी फिरली आणि टकटक केलं. "आहे का कुणी घरात?"

आतून आवाज आला, "आहे बाई, आहे!"

"मग दिली हमी."