खोताला चिखल नको होता

समुद्र दिवसातून दोनदा ज्याची विचारपूस करून जातो, अशा एका गावात एक राखणदार होता. गावाबाहेरची खाडी, तिथली तिवरांची झाडी आणि चिखल वाडवडिलांनी पाखरांसाठी, चिंबोऱ्यांसाठी, माशांच्या पिल्लांसाठी सोडून दिला होता. तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, फांदी तोडायची नाही. हे पाहायला गावाने राखणदार ठेवला होता.

गावच्या खोताला मात्र एक दुःख होतं. लांबलांबचे पाहुणे पाखरं बघायला येत, आणि ओहोटी लागली की चिखल बघून नाकाला रुमाल लावत. खोताला लाज वाटे. कशाची, तर चिखलाची! ज्या चिखलावर अख्खं गाव जेवत होतं, त्याची.

त्याने राखणदाराला बोलावून हुकूम दिला की खाडीच्या तोंडाशी बांध घालून भरतीचं पाणी आतच अडवायचं, म्हणजे बारा महिने तळं दिसेल.

घरी राखणदाराची बायको त्याला म्हणाली, "अवो, ओहोटीच झाली नाही तर पाखरांनी खायचं काय? त्यांचं ताट म्हणजे तो चिखल."

राखणदाराला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. सरपणाला फांदी मोडणाऱ्या गरिबाच्या तो अंगावर धावून जायचा. खोतापुढे मात्र मूग गिळून उभा राहिला, आणि त्याने बांध घातला.

तळं झकास दिसलं. पाहुण्यांनी वाहवा केली, गावानेही मिरवून घेतलं. मग साचलेलं पाणी कुजलं, तिवरांची मुळं गुदमरली, चिंबोऱ्या मरून तरंगू लागल्या. पाखरं उठली ती गेलीच. पुढच्या हंगामात समुद्रात टाकलेली जाळीही रिकामी येऊ लागली, कारण पिल्लं वाढायची जागाच मेली होती.

गाव जमलं तेव्हा खोत शांतपणे म्हणाला, "राखण याच्याकडे होती. मला काय विचारता?"

राखणदाराने तोंड उघडलं, पण बायकोने त्याला अडवलं. "आता बोलू नका. बोलायचं तेव्हा बोलला नाहीत." मग ती गावाकडे वळली. "आणि तुम्हीही काठावर उभं राहून मिरवत होता. आता फावडी घ्या."

गावाने बांध फोडला. समुद्र पूर्वीसारखाच आत आला. पाखरं अजून आलेली नाहीत. राखणदार रोज ओहोटीला काठावर जाऊन बसतो. चिखल उघडा पडतो, आणि त्यावर एकही पाऊल उमटत नाही.

तात्पर्य एवढंच, आणि ते नीट ऐका: गरिबापुढे वाघ आणि बड्यापुढे शेळी होणाऱ्याच्या हाती राखण दिली, तर चोराची गरजच उरत नाही.