होडीची आतली कडी

फार जुनी नाही आणि कालपरवाचीही नाही, अशी ही गोष्ट आहे. एका राज्यात एक लोहार राहत होता. त्या राज्यातली माणसं आजोबांच्या काळात चंद्रावर जाऊन आली होती. त्यांनी तिथे निशाण रोवलं, चार दगड आणले, त्यांची मिरवणूक निघाली आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. पुढे साठ वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही.

लोहाराने लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून ती मिरवणूक पाहिली होती. तेव्हापासून त्याला एकच वेड लागलं होतं. माणसं पुन्हा चंद्राकडे निघताना आपल्या डोळ्यांनी बघायची. म्हणून तर तो राजाच्या कारखान्यात दारं आणि कड्या घडवायला लागला, आणि घडवता घडवता म्हातारा झाला. आता त्याच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. वैद्यबुवा म्हणाले होते, "सहा-आठ महिने दिसेल. पुढचं मला सांगवत नाही."

अखेर राजाने पुन्हा जायचं ठरवलं. पण राजाचा रथ होता भलताच जड. तो चंद्रापर्यंत जाऊ शकत होता, खाली उतरू शकत नव्हता. म्हणून उतरायची होडी बांधायचं काम एका व्यापाऱ्याने अंगावर घेतलं. बेत असा होता, की रिकामी होडी आधी वर जाऊन चंद्रापाशी थांबेल. मागून रथातून चौघं जण जातील. मग रथाचं दार होडीच्या दाराला लागेल, चौघं होडीत शिरतील आणि खाली उतरतील.

दोन्ही कारखान्यांची तऱ्हा निराळी. राजाकडे एक खिळा ठोकायचा तरी सात शिक्के लागत, आणि सातवा शिक्का येईपर्यंत खिळ्याला गंज चढे. व्यापाऱ्याकडे सकाळी बांधलेलं दुपारी फुटे, आणि संध्याकाळी माणसं हसत हसत दुसरं बांधायला घेत. हे त्यांना उतावळे म्हणत, ते यांना सुस्त. काम मात्र दोन्हीकडे जीव ओतून चाललं होतं, हे कबूल करायला हवं. आणि एक नियम दोघांनीही कटाक्षाने पाळला होता. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही.

होडीच्या दाराची कडी आतल्या बाजूला होती. दार लोटलं की ती आपोआप खट्कन पडायची. व्यापाऱ्याला तिचा मोठा अभिमान. दोन्ही दारं एकमेकांना लावून तीनदा पाहिली होती. तिन्ही वेळा होडीत बसलेल्या एका जाड्या कारागिराने आतून कडी काढली, "या, या, घर आपलंच आहे!" असं तो म्हणाला आणि सगळे हसले.

होडी निघायचा दिवस उजाडला. मैदानावर जत्रेसारखी गर्दी लोटली. लोहार वाट काढत चालला होता, तर समोर तोच जाडा कारागीर भज्यांचा द्रोण घेऊन उभा.

लोहार थबकला. हा इथे भजी खातोय, मग आत कोण आहे?

आत कोणीच नव्हतं. होडी रिकामीच जायची होती. मग वर गेल्यावर आतून कडी काढणार कोण? लोहार धापा टाकत आपल्या मुकादमाकडे गेला आणि त्याने सगळं सांगितलं.

मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दार कुणाचं?"

"शेटजींचं."

"आणि तुमचं दार चोख आहे ना? मग विचारतील तेव्हा ‘ठीक’ म्हणा. त्यात खोटं काय आहे? वर त्यांची फजिती झाली, की पक्कं काम कुणाचं ते महाराजांना कळेल."

"अरे, पण त्या चौघांचं काय? दाराशी जाऊन हात हलवत परत येतील बिचारे. एकदा असं झालं, की पुन्हा साठ वर्षं कुणी चंद्राचं नाव काढणार नाही."

"लोहारकाका," मुकादमाचा आवाज मऊ झाला, "आज थांबलं तर पुढचा योग वर्षाने आहे. तोवर तुमचे डोळे राहतील का?"

लोहार आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. त्याला आयुष्यात तेवढंच एक हवं होतं.

त्या राज्यात एक रिवाज होता. उड्डाणाआधी कारभारी चौथऱ्यावर उभा राहून दोन्ही कारखान्यांतल्या एकेकाला त्याच्या कामाचं विचारायचा. ज्याने त्याने आपल्यापुरतं उत्तर द्यायचं. आजवर कुणी "ठीक" सोडून दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

"इंधन?"

"ठीक!"

"नांगर?"

"ठीक!"

"रथाचं दार?"

 लोहाराने एकदा आभाळाकडे डोळे भरून पाहून घेतलं.

"माझं दार ठीक आहे," तो म्हणाला, "पण होडी थांबवा."

 व्यापारी तणतणत पुढे आला. "तुमचा काय संबंध हो माझ्या होडीशी?"

"शेटजी, तुमचं दार जरा बाहेरून उघडून दाखवता?"

"हात्तिच्या! त्यात काय एवढं?" असं म्हणून व्यापाऱ्याने दार ढकललं. मग ओढलं. मग चार पैलवानांना हाताशी घेतलं. दार जागचं हलेना. इतक्यात जाड्या कारागिराच्या हातून द्रोण पडला. "अरे देवा," तो म्हणाला, "मी तर बाहेर आहे!"

व्यापारी मटकन खाली बसला. "म्हणजे मी रिकाम्या घराला आतून कडी लावून ते चंद्रावर धाडत होतो?"

राजा खो खो हसू लागला. लोहाराने हात जोडले. "हसू नका, महाराज. तिन्ही वेळा मीही समोर उभा होतो. मलाही दिसलं नाही."

राजाचं हसू विरलं. त्या तिन्ही वेळच्या कागदांवर त्याचेच सात शिक्के होते.

होडीचं दार फोडावं लागलं. उड्डाण वर्षभर पुढे गेलं. तेवढ्यात शेजारच्या राजाने आपलं निशाण चंद्रावर नेऊन रोवलं आणि इकडे सगळ्यांची तोंडं पडली. बाजारात लोहाराला टोमणे ऐकावे लागले. तो आणि जाडा कारागीर मात्र एकाच भट्टीशी बसून दोन्हीकडून निघणारी कडी घडवत राहिले. दहाव्या महिन्यात लोहाराचे डोळे गेले. शेवटची कानस त्याने नुसती बोटांनी चाचपून मारली.

वर्षाने आधी होडी गेली आणि मागून रथ निघाला, तेव्हा लोहार मैदानात बसला होता. पायांखालची जमीन थरथरली, अंगावर ऊब आली, लोक ओरडले. व्यापारी त्याचा हात धरून शेजारी बसला होता आणि जे जे दिसेल ते सांगत होता.  लोहाराने मान वर करून ठेवली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपल्याला दिसलं नाही याचं त्याला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं.

महिन्याने चौघं सुखरूप परतले. गावभर मिरवणूक झाली. त्या चौघांची म्होरकी होती एक बाई. ती हार काढून ठेवून थेट लोहाराच्या घरी आली. चंद्र कसा आहे, तिथली माती कशी आहे, हे सगळं सांगायचं तिने मनाशी योजलं होतं.

लोहाराने विचारलं, "दार कसं उघडलं, बाई?"

"एका बोटाने, काका."

"कुठल्या?"

तिने आपलं बोट त्याच्या मुठीत दिलं. त्याने ते बराच वेळ धरून ठेवलं.

तात्पर्य म्हणाल तर इतकंच: ‘माझ्यापुरतं ठीक आहे’ असं म्हणणारे पुष्कळ मिळतात. पण दूरवर पोहोचायचं, तर आपलं नुकसान सोसून ‘थांबा’ म्हणणारा एक तरी माणूस सोबत असावा लागतो.