दिव्याच्या तारेवरचा निरोप

"मग निरोपाचा जोर अजून वाढवू का, महाराज?"

मठाच्या रुग्णवाहिकेच्या मागच्या दारात उभा राहून विश्वंभर विचारत होता. मठाचा जुना शिष्य, शिकून इंजिनिअर झालेला. विद्या होती, आणि तिच्या जोडीला मिजासही होती.

गाडीतला प्राणवायू संपत आला की पुढे ड्रायव्हरला कळावं, म्हणून त्याने मागे एक पेटी बसवली होती. त्यासाठी वेगळी तार ओढलीच नाही. बॅटरीतून मागच्या दिव्याला वीज नेणारी जी तार, तिच्यावरूनच निरोप पुढे जायचा. हे तो गावभर सांगत सुटला होता.

पण त्याच बॅटरीवरचा भोंगा सुरू झाला की त्याच्या विजेच्या गोंगाटात निरोप तारेतच बुडायचा. जोर वाढवला, तर पेशंटच्या डोक्यावरचा दिवा फडफडायचा.

उद्यापासून गाडी घाटातल्या वाड्यांवर जाणार होती, मागे पेशंटजवळ विश्वंभर बसणार होता. निरोप चुकला तर माणूस दगावेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"पोचला की नाही, हे तुझ्या पेटीला कसं कळतं?" मठाधिपती नरहरगिरी महाराजांनी विचारलं.

"पाठवला म्हणजे पोचायलाच हवा. भोंगा गोंगाट करतो, त्याला मी काय करू?"

महाराज आत जाऊन दुधाचा पेला घेऊन आले.

मठात एक रिवाज होता. घेणारा 'घेतलं' म्हणेपर्यंत देणाऱ्याने भांडं सोडायचं नाही. महाराजांनी तो कधी मोडला नव्हता.

"घे."

विश्वंभरचं डोकं पेटीत. त्याने न बघताच हात मागे केला.

महाराजांनी पेला सोडला.

दूध गाडीभर सांडलं.

"महाराज! मी धरला तरी होता का?"

"मी तर दिला."

"असं कसं... मी 'घेतला' म्हणायच्या आधीच..."

वाक्य तिथेच अडलं. त्याने पेटीकडे पाहिलं, मग रिकाम्या स्ट्रेचरकडे. आता त्याला खरोखरच भीती वाटली.

...

तो म्हणाला, "पुढूनही उत्तर यायला हवं. 'पोचला' अशी ओ येईपर्यंत मागची पेटी सांगत राहील. हळूच, पण पुन्हा पुन्हा."

महाराजांनी फडकं घेतलं.

"पण... ओ आलीच नाही तर?"

महाराज वाकून दूध पुसत होते. वर न बघताच म्हणाले,

"मग तू कशाला आहेस?"