आधी कुठला पाय?

“भिंतीशी संसार मांडल्यासारखं झालंय, उस्ताद. लग्नाला सहा आठवडे झाले, बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही.”

हे बोलणं शलाकासाठी नव्हतं. पण निसार उस्तादांच्या सायकल दुकानाला मागच्या बाजूने नुसता पत्रा, आणि पत्र्यापलीकडे नळावर ती हात धूत होती. नवऱ्याचा आवाज तसाही पत्र्याला जुमानणारा नव्हता.

तिने ओढणीला हात पुसले, पुढे आली आणि भिंतीने उभं राहावं तशी उभी राहिली.

नवरा, धैर्यशील, नव्या रोड बाइकशी लगट करत होता. चपला उंबऱ्याशी काढलेल्या. पायांत शर्यतीचे कडक बूट, तळाला एक चकती. ती पेडलवर दाबली की खटकन बसते आणि पाय पेडलला जखडतो. सोडवायचा तर ओढून उपयोग नाही, टाच बाहेर वळवावी लागते.

“सांगा ना उस्ताद, कुठले घेऊ? हे एकाच बाजूने बसणारे, की हे दोन्ही बाजूंनी? आमच्या ग्रुपमध्ये सगळे एका बाजूचेच वापरतात. रविवारी घाट आहे.”

घाट उतरला की नाका. नाक्यावर या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात. थांबावंच लागतं.

उस्तादांनी पेडलकडे पाहिलंही नाही. सत्तरी उलटलेला माणूस. तरुणपणी शर्यती मारलेल्या. डाव्या हाताला करंगळी नव्हती. ती कुठे गेली हे विचारायचं नाही, असा दुकानाचा रिवाज.

“थांबताना तुझा कुठला पाय आधी टेकतो?”

“उजवा,” धैर्यशील ताडकन म्हणाला.

“बघितलायस?”

“त्यात बघायचं काय? माझाच पाय आहे.”

उस्ताद हं म्हणाले. त्यांनी शर्यतीचे, एका बाजूचेच पेडल चढवले. पकड कमीजास्त करायला प्रत्येक पेडलला एक स्क्रू. जो पाय आधी टेकतो त्याचा सैल, दुसऱ्याचा घट्ट, ही त्यांची पद्धत. उजवा सैल केला. डावा आवळला.

शलाका एक पाऊल पुढे आली आणि थांबली.

बोलावं का? पहिल्याच आठवड्यात ती ‘आमटीत मीठ जरा जास्त झालंय’ असं बोलून गेली होती. आमटी सासूबाईंची होती. तेव्हापासून तिने शब्द जपून वापरायला काढले होते.

...

“कडुलिंबापर्यंत जा,” उस्ताद म्हणाले. “थांब. पाय टेक.”

खट. खट. धैर्यशील निघाला. झाडाशी ब्रेक दाबला, उजवी टाच वळवली, उजवा पाय मोकळा झाला. अंग मात्र डावीकडे कललं. डावा पाय पेडलमध्येच. पोतं कलंडावं तसा तो सायकलसकट सावकाश आडवा झाला.

कोपर सोलवटून परत आला. “पेडलच भिकार आहे! डावा सुटतच नाही.”

“डावा कशाला सोडवत होतास? उजवा म्हणालास ना?”

“उजवाच. पुन्हा करतो. झाडापाशी खड्डा होता.”

झाडापाशी खड्डा नव्हता.

उस्तादांनी डावा स्क्रू आणखी एक फेरा आवळला. “आता झाड नको. खाली हमरस्त्याच्या कडेला जाऊन थांब.”

गल्ली उताराची. खालून एक ट्रॅक्टर चालला होता, मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडून बाहेर लोंबत होता. जमीन हलल्यासारखी वाटली. धैर्यशीलने तो जाऊ दिला. मागून दुसरा येतच होता.

तो सीटवर बसला. खट. डावा अडकला. उजवा अजून जमिनीवर. उस्तादांनी मागून सीट धरली होती, चार बोटांनी.

“सोडा, उस्ताद.”

“शेवटचं विचारतो. कुठला पाय?”

“उजवा! किती वेळा सांगू?”

उस्तादांनी सीट सोडली नाही. त्यांची नजर उंबऱ्याशी गेली. चपलांवर. तिथून शलाकावर आली आणि थांबली.

“तुझं ऐकलं,” ते म्हणाले. “आता भिंतीला विचारतो.”

धैर्यशीलची मान वळली. आधी पत्र्याकडे, मग तिच्याकडे. चेहरा उतरला.

खाली ट्रॅक्टरचा आवाज वाढत होता...

शलाका उंबऱ्याशी गेली. वाकून तिने त्याची डावी चप्पल उचलली. रोज संध्याकाळी दारात तीच या चपला सरळ करायची. डावीचा पुढचा भाग रस्त्याला घासून घासून पार कागदासारखा झाला होता. उजवी नव्यासारखी.

चप्पल तिने दोघांसमोर धरली.

“डावा सैल करा, उस्ताद.”

मग ती नवऱ्याकडे वळली.

“स्कूटरवर भिंत रोज तुमच्या मागेच बसलेली असते.”