दुधुली परीची अट

वेली माणसांशी बोलायच्या आणि माणसंही त्यांना उलट उत्तरं द्यायची, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराच्या कुशीत, नखाएवढ्या झोपडीत बकुळी आणि तिची आई राहायच्या. आईचा ताप गेला, पण जाताना तिची भूकही घेऊन गेला. वैद्यबुवा म्हणाले, "औषध संपलं. आता पोटात अन्न गेलं तरच ही उठेल." आई भाताची शितं नुसती चिवडायची. ते पाहून बकुळीच्या डोळ्यांतून टपटप थेंब पडायचे.

एका संध्याकाळी परसातली दुधीची वेल मांडवावरून घसरून मातीत पडली होती. बकुळीने परकराच्या काठाची चिंधी फाडली आणि वेलीला अलगद वर बांधलं. तोच एक पांढरंशुभ्र फूल उमललं. आतून करंगळीएवढी परी बाहेर आली. पोपटी पंख, दवाचा मुकुट, इवली इवली चंदेरी पावलं.

"मी दुधुली. तीन गोष्टी माग. पण सोनं-मोती नाहीत हं माझ्याकडे. जे मिळेल ते दुधीचंच."

"हारसुद्धा?"

"हारसुद्धा. पण तो घालून चालशील कशी?"

बकुळी खुदकन हसली. "मला आईसाठी खायला हवंय."

"देते. पण हा दुधी आहे, हे लपवायचं नाही. आणि खाणाऱ्याने नाक मुरडलं की सगळं गायब."

बकुळीने झोपडीकडे पाहिलं. आईला दुधी मुळीच आवडत नसे.

तिने आधी हलवा मागितला. तुपात न्हालेला, वेलचीने घमघमणारा. डोंगरापलीकडच्या अस्वलाने म्हणे झोपेतच मिशा चाटल्या. खोटं वाटत असेल तर अस्वलाला विचारा.

"काय गं हे?" आईने विचारलं.

"दुधीहलवा."

आईचं नाक जरासं, अगदी जरासंच मुरडलं. फुस्स. वाटी रिकामी.

मग बकुळीने चणाडाळ घातलेली दुधीची भाजी आणि मऊ भाकरी मागितली. ताट आलं, तशी दारात शेजारची सगुणाआजी येऊन टेकली. "आज चूल पेटलीच नाही गं, पोरी."

बकुळीने ताटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग ताट आजीपुढे ठेवलं. "दुधी आहे, आजी. चालेल?"

"दात पळाले, जीभ आहे अजून. आण."

आजी मचमच जेवू लागली. बोटं चाटू लागली. "अगंऽ, डाळ कशी लोण्यासारखी झालीय."

"इतकी चांगली झालीय का, काकू?" अंथरुणावरून आईने विचारलं.

"तुला गं काय करायचंय? तू थोडीच खातेस दुधी."

आईने आवंढा गिळला. "बकुळे, उरलीय का थोडी?"

ताट लख्ख पुसलेलं होतं. बकुळी हळूच पुटपुटली, "दुधुली, तश्शीच भाजी दे."

ताट आलं. बकुळीने ते आईपुढे ठेवलं. आईने घास घेतला, सावकाश चावला. नाक जागच्या जागी.

"मीठ बरोबर पडलंय," आई म्हणाली आणि तिने दुसरा घास घेतला. मग तिसरा.

ताट संपलं तेव्हा आईच्या गालांवर गुलाबी झाक आली होती. तिने बकुळीकडे निरखून पाहिलं.

"केसांचं काय घरटं केलंयस? ये इकडे. तेल काय शेजारीण लावणार?"

परसातून दुधुलीने हे ऐकलं. ती चांदीसारखी लकाकली आणि त्या प्रकाशातच विरघळून गेली. बकुळीला मात्र कितीतरी दिवसांत कुणी रागावलंच नव्हतं. ती आईच्या पुढ्यात डोळे मिटून, खुशाल रागावून घेत बसली.