बसलेली अमू

“या खुणा तुम्ही बघून केल्या?”

भंते ज्ञानकीर्तींनी पुढ्यातला कागद न उचलताच विचारलं.

“बघायचंय काय त्यात, भंतेजी? साऱ्या गावाला ठाऊक आहे,” प्रबोध मेश्राम म्हणाले.

कागद शाळेचा होता. मूल जागेवर बसतं का, हातातलं काम पुरं करतं का, आपली पाळी येईस्तोवर थांबतं का... काही दिवस मुलाला नीट पाहा, मगच खूण करा, असं वर स्पष्ट छापलेलं. मेश्राम वकिलांनी कचेरीत, एक पक्षकार गेला नि दुसरा यायचा होता तेवढ्यात, अख्खा कागद उरकला. सगळीकडे एकच खूण. सर्वांत वाईटाची.

त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीचा, अमूचा, निकालही लागला होता. सोमवारी तिला दूरच्या, कडक शिस्तीच्या वसतिगृहात टाकायचं. आई म्हणत होती, आधी डॉक्टरांना दाखवू. पण तिचं ऐकतंय कोण? भंतेंनी आशीर्वाद द्यावा, एवढ्यासाठी वकील मुलीला घेऊन विहारात आले होते.

स्वतःच्या बैठकीचा त्यांना भारी अभिमान. ध्यानाला बसलो की तासभर हलत नाही, हे तेच सगळ्यांना सांगत. अशा माणसाच्या पोटी ही भिंगरी.

“वकीलसाहेब, ऐकीव साक्ष चालते का तुमच्या कोर्टात?”

वकिलांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

ध्यानाची घंटा झाली. लोक ओळीनं बसले. वकिलांनी सवयीनं डोळे मिटले... तोच खांद्यावर भंतेंचा हात पडला.

“तुम्ही आज डोळे उघडे ठेवा. तिच्यासमोर बसा.”

एवढ्या वर्षांच्या साधकाला हे सांगणं? वकिलांना ते झोंबलं. तरी बसले.

अमूनं मांडी घातली. ती कधी उठते याची ते वाट पाहू लागले, उलटतपासणीत साक्षीदार कधी घसरतो याची पाहावी तशी.

ती उठली नाही.

तिनं हाताची बोटं एकमेकांत गुंतवून आवळली. नजर आढ्यावरच्या चिमणीकडे गेली. तिनं नजर ओढून आणली. दाराकडे गेली, पुन्हा आणली. गुडघा उडू लागला, तर हात सोडवून तो दाबून धरला. पायाची बोटं चटईत रुतली. ओठ दातांखाली. कपाळावर घाम...

शेजारी मोठी माणसं निवांत बसली होती. त्यातलं एक घोरत होतं.

वकील पुढं झुकले. एवढी झुंज... रोज? वर्गात, जेवणाच्या ताटावर, आपल्यासमोर?

अखेर अमू उसळली आणि अंगणातल्या पिंपळाकडे धावत सुटली. दोघातिघांनी डोळे किलकिले करून आठ्या घातल्या.

वकिलांनी हात जोडले. मूर्तीकडे नव्हे, मुलगी गेली त्या दिशेला.

ध्यान संपल्यावर त्यांनी भंतेंना विचारलं, “म्हणजे... हिला काही झालेलं नाही?”

“असं मी म्हटलं का? मोडक्या पायानं कुणी टेकडी चढला, म्हणून त्याचा पाय धड होतो?”

“सोमवारी डॉक्टरांकडे नेतो, भंतेजी. पण... त्यांना सांगू काय?”

भंतेंनी अमूची चटई उचलली, हलकेच गुंडाळली.

“उठते, हे सगळेच सांगतील. बसते कशी, ते तुम्ही सांगा.”