मुंगीचा घास आणि घट्ट गाठ

भिंतीत होती फट. फटीत होती टिचकी मुंगी. तिची एक धाकटी बहीण होती. धाकटीचा पाय मोडला होता. ती दोन दिवस उपाशी होती.

ओट्यावर अम्मी करत होती केसाडिया. पोळीत मोठ्याच्या मटणाचा खिमा, खिम्यावर चीज, पोळी दुमडायची आणि शेकायची. चीजचा एक कण खाली पडला. टिचकीने तो उचलला. तेवढ्यात आलं फडकं. सर्रर्र! कण गेला.

अम्मी शेगडी विझवून बाळाकडे धावली. पोळी तर तव्यावर तशीच. कच्ची.

टिचकी निघाली. तुरु तुरु. तुरु तुरु.

"तवेभाऊ, तवेभाऊ, एक घास द्या ना!
मला घास मिळेना.
माझी धाकटी उपाशी."

तवा म्हणाला, "मी गार पडलोय. शेगडी पेटली तर देईन."

तुरु तुरु. तुरु तुरु.

"शेगडीबाई, शेगडीबाई, पेटा ना!
तवा तापेना.
मला घास मिळेना.
माझी धाकटी उपाशी."

शेगडी म्हणाली, "मी आपली आपण पेटते का गं? अम्मी उठली तर पेटेन."

अम्मी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर बाळ. बाळ रडत होतं. अम्मीचेही डोळे ओले होते.

तुरु तुरु. तुरु तुरु.

"अम्मी, अम्मी, उठा ना!
शेगडी पेटेना.
तवा तापेना.
मला घास मिळेना.
माझी धाकटी उपाशी."

अम्मी म्हणाली, "कशी उठू गं बाई? सकाळपासून रडतोय. कान बघितला. पोट चोळलं. मला तर काही सुचतच नाही. बाळ गप्प झालं तर उठेन."

तुरु तुरु. तुरु तुरु.

"बाळा, बाळा, गप्प हो ना!
अम्मी उठेना.
शेगडी पेटेना.
तवा तापेना.
मला घास मिळेना.
माझी धाकटी उपाशी."

बाळ म्हणालं, "ऊं ऊं! पाय दुखतो. मोज्यात दोरा आहे. अम्मीला सांगता येत नाही मला. दोरा सैल झाला तर गप्प होईन."

टिचकी मोज्यात शिरली. आत काळोख. आत काळा दोरा.

तुरु तुरु. तुरु तुरु.

"दोऱ्या, दोऱ्या, सैल हो ना!
बाळ गप्प होईना.
अम्मी उठेना.
शेगडी पेटेना.
तवा तापेना.
मला घास मिळेना.
माझी धाकटी उपाशी."

दोरा म्हणाला, "माझ्यावर कशाला चिडतेस? बाळाला नजर लागू नये म्हणून अम्मीने मला बांधलं. गाठ सुटली तर सैल होईन."

तुरु तुरु. तुरु तुरु.

"गाठी, गाठी, सूट ना!
दोरा सैल होईना.
बाळ गप्प होईना.
अम्मी उठेना.
शेगडी पेटेना.
तवा तापेना.
मला घास मिळेना.
माझी धाकटी उपाशी."

गाठ म्हणाली, "नाही सुटणार! घाबरलेल्या हाताची गाठ आहे मी. दोनदा आवळलेली. बोटाने सुटत नाही. नखाने निघत नाही. जा!"

टिचकीला रडू आलं. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

धाकटी आठवली. टिचकीने डोळे मिटले. गाठीला दात लावले.

कुट. कुट. कुट.
दात दुखले.
कुट. कुट. कुट.
तट्!

गाठ सुटली. दोरा सैल झाला. बाळ गप्प झालं.

मोज्यातून दोरा लोंबला. अम्मीने मोजा काढला. पायावर लाल लाल वळ.

"या अल्ला! मीच बांधला होता. मीच!"

अम्मीने वळावर फुंकर घातली. फू फू. पाय चोळला. पापी घेतली. दोरा दूर टाकला. मग डोळे पुसले, आणि अम्मी उठली.

शेगडी पेटली. भक्!
तवा तापला. चर्र चर्र!
पोळी शेकली. चीज वितळलं. काठातून बाहेर आलं, खिम्याचा दाणा घेऊन. टप्!

तवा म्हणाला, "घे गं. हा घास तुझा."

घास जड. टिचकी दमलेली. थोडं ओढायची, थोडं थांबायची. तुरु... तुरु...

फटीत धाकटी निजली होती. हाक मारली. उठेना. पुन्हा हाक मारली. हलेना.

टिचकीने घास तिच्या तोंडाशी धरला. गरम गरम. धरूनच बसली.

मग धाकटीची मिशी हलली. तोंड उघडलं. एवढंसं.

आम्.

तिचा घास तिला, गोष्टीचा घास तुला.